एकच नमुना

बाईंचं सगळं आयुष्य समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या किड्यांचा अभ्यास करण्यात गेलं. रिबनकृमी म्हणतात त्यांना. चपटे, लांब, मऊ; ना पाय, ना कवच. अंगात एक सोंड दडवलेली असते. शिकार दिसली की ती उलटी होऊन बाहेर पडते, मोज्याची आतली बाजू बाहेर काढावी तशी. बाईंचा नवरा शाळेची बस चालवायचा आणि शेजारीपाजारी अभिमानाने सांगायचा, "आमची ही जंतांची डॉक्टर!" मग लोक पोटदुखीवर औषध विचारायला दारात यायचे.

दोघांना एकुलती एक मुलगी. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव वेगळं होतं, पण घरीदारी सगळे तिला मुंगीच म्हणत, कारण लहानपणी दिसेल ते ओढत घरी आणायची. दगड, पिसं, एकदा तर कुणाची तरी मोडकी छत्री. मोठी झाली तरी खोड गेली नाही. संशोधन करणाऱ्या एका जहाजावर ती तंत्रज्ञ म्हणून लागली. यंत्र तळापर्यंत सोडायचं, कॅमेऱ्यात जीव दिसला की नळीने अलगद ओढून घ्यायचा, वर आला की बाटलीत भरायचा. बाबा म्हणायचे, "पूर्वी फुकट करायची, आता पगार घेऊन करते."

तिसऱ्या सफरीत तिचा जहाजावरून फोन आला.

"आई, तुझ्यासाठी पाहुणा पकडलाय! केशरी आहे, अगदी गाजरासारखा, आणि डोक्यावर पांढरी टोपी. तुझ्या कुठल्याच पुस्तकात नाहीये."

"आधी सगळेच नवे वाटतात गं."

"नवा निघाला तर माझं नाव द्यायचं. किड्याचं नाव मुंगी!"

"तू घरी तर ये. नाव ठेवायलाही मी तयार आणि नावं ठेवायलाही."

मुंगी खळखळून हसली. आईशी ती बोलली ते एवढंच शेवटचं.

फोनवर तिने पोटदुखीचं काही सांगितलं नव्हतं. कामाच्या नादात तिने दुखणं अंगावर काढलं. अपेंडिक्स फुटलं तेव्हा जहाज किनाऱ्यापासून लांब होतं आणि हवा खराब. किनाऱ्यावरच्या दवाखान्यात तिला पोहोचवेपर्यंत विष अंगभर पसरलं होतं. ऑपरेशन झालं. आईबाबा पोहोचले तेव्हा श्वास चालू होता, पण तिने डोळे उघडले नाहीत.

जहाजावरचे नमुने काही आठवड्यांनी बाईंच्या प्रयोगशाळेत आले. त्यात ती बाटली होती. लेबलवर मुंगीचं पेन्सिलीतलं तिरकं अक्षर. आत तिचा पाहुणा होता, पण रंग पार उडालेला, मेणासारखा पांढरट. नमुने टिकवायच्या फॉर्मालिनमध्ये रंग राहत नाही. टोपी कुठे संपते आणि अंग कुठे सुरू होतं, हेही आता कळत नव्हतं.

बाई सूक्ष्मदर्शकाखाली तो पुन्हा पुन्हा पाहत राहिल्या. मुंगीचं खरं होतं. डोक्यावरच्या खाचा, तोंडाची जागा, शेपटीची ठेवण, कुठल्याच ज्ञात जातीशी जुळत नव्हती. पण बाहेरून सगळे रिबनकृमी एकमेकांचे भाऊच. खरी ओळख आत असते. फॉर्मालिनमुळे डीएनए मिळण्याची आशा नव्हती. एकच वाट उरली होती. किडा मेणात बसवायचा आणि यंत्रावर केसाहून पातळ चकत्या करायच्या, डोक्यापासून मागेपर्यंत. मग चकत्या लावलेल्या काचपट्ट्या उरतात, किडा उरत नाही. आणि नमुना एकच होता.

बाईंनी हे घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत सोडून बाबा रिकामी बस घेऊन थेट प्रयोगशाळेत आले. बाटली त्यांनी दोन्ही हातांत धरली.

"तिने स्वतः भरला यात?"

"हो."

"आणि तू हा कापणार."

"अहो, त्याशिवाय नाव देता येत नाही."

बाबांनी लेबलवरच्या अक्षरावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "नको गं. तिला एकदा कापलं ना त्या दवाखान्यात. आता पुरे."

बाईंनी बाटली परत कपाटात ठेवली.

त्यांनी बाकीचं सगळं लिहून काढलं. बाहेरचं वर्णन, आकृत्या, सापडल्याची जागा, खोली. मुंगीला लॅटिन शेपूट जोडून नावही तयार केलं. फक्त आतल्या रचनेची पानं कोरी राहिली. कितीदा तरी त्यांनी मेण वितळवलं आणि तसंच थिजू दिलं. विभागप्रमुख त्यांच्याहून लहान, भला माणूस. तो एकदा दारात घुटमळत म्हणाला, "बाई, घाई करत नाही. पण समुद्र काही आपल्या एकट्याचा नाही."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या.

वर्ष उलटलं. एके दिवशी जेवताना बाबांनीच विषय काढला. "काप तो. मला बघवणार नाही, पण तू काप. तिचं नाव तरी राहील कुठेतरी."

बाईंनी दुसऱ्याच दिवशी किडा बाटलीतून काढून बशीत ठेवला. हात स्थिर होते. तेवढ्यात विभागप्रमुख आला, हातात छापलेले कागद. त्याने ते टेबलावर ठेवले नाहीत, धरूनच उभा राहिला.

"आज सकाळीच प्रसिद्ध झालाय," तो म्हणाला. "बाई, तुम्ही आधी बसा."

दूरच्या कुठल्याशा संस्थेतल्या एका तरुण संशोधिकेचा निबंध होता. तिच्याकडे भरपूर नमुने होते, डीएनए होता, चकत्या होत्या. जिवंत किड्याचा फोटोही होता. गाजरासारखा केशरी, डोक्यावर पांढरी टोपी. नाव दिलं होतं त्या संस्थेच्या जहाजाच्या नावावरून.

बाईंनी निबंध शेवटपर्यंत वाचला. चूक काढायला कुठे जागा नव्हती.

"वेगळी जात असू शकेल?" विभागप्रमुखाने हळूच विचारलं.

बाईंना 'हो' म्हणायचा मोह झाला. त्यांनी बशीतला किडा पुन्हा भिंगाखाली घेतला, आकृत्यांशी ताडून पाहिला. "नाही," त्या म्हणाल्या. "तोच आहे."

आधी छापलेलं नाव तेच खरं, असा नियम. मग किडा कापायची गरजच उरली नाही. बाईंनी तो चिमट्याने उचलून परत बाटलीत सोडला.

संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बाबांनी नळ बंद केला.

"फोटो आहे?"

बाईंनी मोबाइल पुढे केला. बाबांनी ओले हात शर्टाला पुसले आणि चष्मा वर करून पडद्याकडे पाहत राहिले.

"मग मुंगीचं काहीच नाही?"

"हा किडा आणखी एका ठिकाणी सापडला, एवढी एक छोटी नोंद मी छापीन. गोळा करणारी म्हणून तिचं नाव येईल त्यात."

"कुठलं नाव?"

"दाखल्यावरचं."

"त्या नावाने तिला कोण ओळखतं?" बाबा म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. मग खाली बघत, "माझ्यामुळे झालं ना हे? मी अडवलं नसतं तर..."

'नाही हो' हे शब्द बाईंच्या ओठांवर आले होते. पण तीस वर्षं खोटं न लिहिलेल्या बाईंना ते बोलवलं नाही.

"थोडंसं तुमच्यामुळे," त्या म्हणाल्या. "आणि बरंचसं माझ्यामुळे. मलाही कापवत नव्हतं. तुम्ही नको म्हणालात, ते मला हवंच होतं."

बाबांनी मान हलवली. वर्षभर दोघं एकमेकांपासून लपून रडत होती, एक न्हाणीघरात, एक रिकाम्या बसमध्ये. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा समोरासमोर बसून रडली. कुणी कुणाला उगी उगी म्हटलं नाही. बराच वेळ गेला. मग बाई उठल्या, त्यांनी नळ सोडला आणि उरलेली भांडी विसळायला घेतली, आणि बाबा शेजारी उभे राहून ती एकेक पुसू लागले.