वीस घरांपुरते वडे

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. कॅमेरा डोक्यावर घ्यायचा आणि तीन पायांवर गुमान उभं राहायचं, हे माझं काम. सध्या मी चारकोपच्या एका घरात कपाटावर आडवा पडून असतो. एक पाय ढिला झाला आहे, पण कान शाबूत आहेत, आणि माझं खरं दुखणं त्या कानांचंच आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट विलेपार्ल्याला, विद्याधर यांच्या फोटो स्टुडिओत आलो. रांगती बाळं, नवी जोडपी, दहावीच्या फॉर्मचे कावरेबावरे चेहरे, सगळे माझ्यासमोर बसून गेले. विद्याधर आधी समोरच्याशी गप्पा मारत. "माणूस पुरता ऐकून घ्यावा, मग बटण दाबावं," असं ते म्हणत. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओला कुलूप लागलं. आवराआवरीच्या दिवशी संघमित्रा नावाची मुलगी जुना स्टँड मागायला आली आणि मी तिच्या खांद्यावर बसून चारकोपला आलो.

संघमित्राने अंधेरीतली नोकरी सोडली होती. दुकानदारांचे छोटे व्हिडिओ करायचे, मोबाइलवर त्यांची जाहिरात चालवायची आणि त्यांना गिऱ्हाईक मिळवून द्यायचं, असा तिचा स्वतंत्र धंदा होता. म्हणजे व्हायचा होता. तिची आई कमल म्हणाली होती, "सहा महिने बघ. नाही जमलं तर गपचूप नोकरी धर."

त्यातले पाच महिने आम्ही सेक्टर ते सेक्टर हिंडलो. शिंपी म्हणाला, "आमचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे, ताई." क्लासवाले विशाल सर म्हणाले, "आधी कुणाचं काम केलंयस ते दाखव ना, मग बोलू." पहिलं काम मिळवायला आधीचं काम लागतं, हा उफराटा न्याय मला तेव्हा कळला.

मग तिला तळमजल्यावरच्या सुगंधाकाकू आठवल्या. मूळच्या मालवणकडच्या या काकू दर रविवारी कोंबडी-वडे करून इमारतीतल्या आणि शेजारच्या ठरलेल्या वीस घरांना डबे देत. कमलचं घर त्यातलंच एक. संघमित्रा लहानपणापासून त्या वड्यांवर वाढलेली.

"काकू, तुमची जाहिरात मी फुकट करते. नाही म्हणू नका."

"माझी कसली गो जाहिरात," असं म्हणत काकूंनी नवी साडी मात्र नेसली.

मी त्यांच्या ओट्यासमोर उभा राहिलो. काकू वडा थापत बोलत होत्या आणि झकास बोलत होत्या. शेवटी तेलात वडा सोडताना म्हणाल्या, "वीसच घरांचं करते गो मी. पीठ मुरावं लागतं. जास्त केलं की वडे फुगत नाय."

व्हिडिओ तीस सेकंदांचा हवा होता. संघमित्राने शेवटचं वाक्य कापलं. फुगलेला वडा ठेवला, खाली काकूंचा नंबर आणि पत्ता टाकला आणि श्रावणाआधीचा शेवटचा रविवार गाठून जाहिरात सोडली. त्या रविवारी अख्ख्या उपनगराला कोंबडी हवी असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. काकूंना किती झेपेल, हे तिने विचारलंच नाही. ते वाक्य मी ऐकलं होतं. पण मला तोंड कुठे आहे?

रविवारी सकाळपासून काकूंचा फोन थांबेना. फोन न लागलेले थेट दाराशी आले. कुणी कांदिवली स्टेशनाकडून, कुणी थेट बोरिवलीहून. संघमित्रा आनंदाने वेडी झाली. तिने मला दारात उभं केलं आणि रांगेचा व्हिडिओ घेतला. आत काकू कुणालाच नाही म्हणत नव्हत्या. दारात आलेल्याला रिकामं पाठवायला त्या कधी शिकल्याच नव्हत्या. दुपारी भिजवलेलं पीठ संपलं. नवं पीठ मुरायला वेळ नव्हता. वडे चपटे, कडक निघू लागले. संघमित्राने जाहिरात बंद केली, पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधली आणि स्वतः वडे थापायला बसली. वेळ टळून गेली होती. रांगेतला एकजण म्हणाला, "हेच का ते? व्हिडिओत तर मोठे फुगत होते." काकूंनी मान वर केली नाही.

संध्याकाळी आम्ही घरी गेलो. कमल ताट मांडून बसली होती. "आपला डबा नाही आला गं आज," ती म्हणाली. वीसपैकी एकाही घराला डबा गेला नव्हता.

त्यानंतर काकूंनी कढई पालथी घातली ती घातलीच. जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तू भलं करायलाच आली होतीस, ठाऊक आहे माका." एवढंच. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण रांगेच्या त्याच व्हिडिओवर विशाल सरांचं काम मिळालं. मग आणखी चार मिळाली. आता संघमित्राकडे नवा स्टँड आहे. नवीन माणूस काम घेऊन आला की ती आधी विचारते, "तुम्हाला किती झेपेल?" हा प्रश्न तिला फार महाग पडला आहे.

तुम्हीही कधी कुणाला कॅमेऱ्यासमोर उभं केलंत, तर त्याचं बोलणं पुरतं ऐका. माझा ढिला पाय नाही आवळलात तरी चालेल.

माझ्या शेजारी कपाटावर एक पितळी डबा आहे. त्या रविवारच्या आधीच्या रविवारी काकूंकडून आलेला. तो परत द्यायचा आहे. संघमित्रा अधूनमधून तो खाली काढते, घासते, पुसते. पण डबा रिकामा परत द्यायचा नसतो, आणि त्यात काय घालावं ते तिला अजून सुचलेलं नाही.