वस्तऱ्याखालचं शास्त्र

सकाळी सात वाजता तुरुंगाच्या डॉक्टरांनी रोजच्यासारखी मान मागे टाकली आणि गळा न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली दिला. न्हावी कैदी होता, खुनाच्या गुन्ह्यातला. सुटकेचा विचार करणारी समिती लवकरच बसणार होती. तिला हवं होतं डॉक्टरांचं मत, आणि ते आदल्या संध्याकाळीच टपालात पडलं होतं.

त्या काळी शास्त्र नवंकोरं होतं: गुन्हेगार घडत नाही, जन्माला येतो, कवटी, जबडा, कान मोजले की ओळखू येतो. डॉक्टरांनी मापं घ्यायचा पोलादी चिमटा मागवला आणि तुरुंगभर डोकी मोजत सुटले. माकडाच्या हाती कोलीत, असं पुढे ते स्वतःच म्हणत. न्हाव्याचे कान सुपासारखे निघाले. सासरेबुवांचेही तसेच होते, आणि ते न्यायाधीश होते. पण घरातल्या मोठ्यांची मापं काढायची नसतात, अशी डॉक्टरांनी स्वतःची समजूत घातली. त्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

"साहेब, माझ्याबद्दल काय लिहिलंत?" पातं कंठावर असताना न्हाव्याने विचारलं.

खोटं बोलायला याहून चांगली वेळ नव्हती. पण डॉक्टर पडले शास्त्राचे. "जन्मजात खुनी आहेस, सुधारणार नाहीस, असं."

वस्तरा थांबला. न्हाव्याने तो पट्ट्यावर दोनदा फिरवला.

"मान जरा वर घ्या. आणि बोलू नका, कापेल."

दाढी नेहमीसारखीच गुळगुळीत झाली. तुरटीही लागली.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "अहो, एवढा खुनी आहे, तर रोज गळा कशाला देता त्याला?"

"हात हलका आहे त्याचा."

"मग तेच लिहायचं की."

डॉक्टरांनी तडक तार केली: मत मागे घेतो. समितीने शास्त्रीय कारण मागितलं. कारण एकच होतं आणि ते हनुवटीखाली शाबूत होतं. डॉक्टरांनी तेच लिहून पाठवलं.

शनिवारी उत्तर आलं. न्हाव्याबाबतचा निर्णय राखून ठेवला होता. एकाच कैद्याबद्दल दोन उलटी मतं देणाऱ्या डॉक्टरांचं डोकं मोजायला मात्र मुख्य कचेरीतून तज्ज्ञ निघाला होता; मापं नीट यावीत म्हणून ते आधी भादरून ठेवावं, अशी सूचना होती.

रविवारी सकाळी न्हाव्याने पाणी तापत ठेवलं. निर्णय अजून आलेला नव्हता.