मुहूर्ताचा नारळ

गणेश चतुर्थीला आमच्याकडे खानदेशात जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यांत, कापूस खरेदीचा मुहूर्त असतो. वजनकाट्याची पूजा होते, नारळ फुटतो, पहिल्या गाडीचं वजन होतं. जळगाव-धुळ्यातल्या जवळजवळ प्रत्येक काट्यावर गेली वीस वर्षं माझंच सॉफ्टवेअर आहे. ऐकायला बरं वाटतं. पण ज्यानं घ्यायचं त्याचं घेऊन झालं, नवी जिनिंग निघत नाही, आणि यंदा सुरतेची एक कंपनी नव्या काट्याबरोबर सॉफ्टवेअर फुकट देऊ लागली. उन्हाळ्यापासून एकेक गिऱ्हाईक 'बघतो' म्हणायला लागलं. आमच्याकडे 'बघतो' म्हणजे नाही.

राहिले होते धरणगावचे जीवराम नाना, माझं पहिलं गिऱ्हाईक. ते करतील तेच बाकीचे करतात. ते सुटले तर ऑफिसला कुलूप, हे मला आणि पंधरा वर्षं माझ्याकडे असलेल्या ज्योत्स्नाला ठाऊक होतं. म्हणून मुहूर्ताला ये असा नानांचा फोन आला तेव्हा मी तिला पेढे आणायला सांगितले. मूर्खच मी. ज्याचं सॉफ्टवेअर त्यालाच बोलावतात, एवढंच मला माहीत होतं.

गेलो तर हार घातलेला काटा कोरा करकरीत, त्यावर सुरतेच्या कंपनीचं नाव.  नाना हसत पुढे आले. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हेच वाईट.

"हितेंद्र, नारळ तूच फोड भो. तुना हात गुणना शे. बठ्ठा तुनीच वाट देखी ऱ्हायनात."

माझा हात गुणाचा म्हणे, आणि सगळे माझीच वाट बघत होते; मी नारळ फोडला. पहिल्या वजनाचं बटण मोबाइलवर दाबायचा मानही मलाच दिला. कुठे खोट सापडते का म्हणून मी डोळे फाडून बघत होतो. वजन लगेच आलं, पावती शेतकऱ्याच्या फोनवर गेलीसुद्धा. माझ्या सॉफ्टवेअरला हे जमलं नसतं, कारण दहा वर्षांत मी त्यात काही नवं केलंच नव्हतं. गरजच काय, म्हणायचो, कोण जातंय सोडून? नानांनी माझ्या खांद्यावर शाल पांघरली तेव्हा मला रडू येत होतं.

गाडीत बसतो तोच ज्योत्स्नाचा फोन. "सर, चोपड्याहून आणि धुळ्याहूनही बोलावणं आलंय, नारळ फोडायला. दोघंही म्हणाले, मुहूर्त सरांच्याच हातचा हवा." किती दिवसांनी तिचा आवाज मोकळा लागला होता. "म्हणजे राहिले ना सर ते आपल्याकडे?"

"येतो म्हणून कळव," मी म्हणालो.