कोरा हात

'बेडकू' हा खेळ ठाऊक नसेल तर फार काही बिघडत नाही. एक बेडूक असतो, तो डावीकडून उजवीकडे उड्या मारत जातो, वाटेत खड्डे, काटे आणि हलत्या फळ्या, आणि पडला की पुन्हा पहिल्यापासून. खेळणारी मंडळी हौसेने स्वतःच नव्या लेव्हल रचून पाठवतात. त्यांतली कुठली चांगली आणि कुठली नुसती छळवादी, हे ठरवायचं काम ठाकुर्लीच्या हेमांगीकडे होतं. घोडबंदर रोडवरची एक कंपनी तिला त्याचा पगार देते, यावर तिच्या माहेरच्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

हेमांगीची एक रीत होती. लेव्हल आधी स्वतः खेळायची आणि मग कोऱ्या हातात द्यायची. कोरा हात म्हणजे खेळातलं ओ की ठो कळत नाही असं माणूस. ते कुठे अडतं ते शेजारी बसून बघायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. हेमांगीचा कोरा हात होता तिच्या सासूबाईंचा, सरोजताईंचा.

सासरे गेले त्या वर्षी सरोजताई दिवसभर गॅलरीत बसून असायच्या. कोणी बोललं तर हूं करायच्या. सुनेने सहज म्हणून खेळाचा कंट्रोलर हातात दिला, तर त्यांनी तो अडकित्त्यासारखा धरला आणि पहिल्याच खड्ड्यात बेडूक घालवला. "पडला बिचारा," म्हणाल्या आणि पुन्हा सुरुवात केली. त्या दिवसापासून दुपारची गॅलरी सुटली. मग एकदा त्या म्हणाल्या, "या खड्ड्यात मी माझ्या चुकीने पडले. त्या मागच्यात मात्र मला पाडलं." हेमांगीने कान टवकारले. लेव्हल पारखायची इतकी चोख कसोटी तिला कुठल्याही कोर्समध्ये मिळाली नव्हती. तिचे सगळे अभिप्राय त्यावरच उभे राहिले, त्यावरच तिचं नाव झालं आणि नोकरी पक्की झाली.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना अपूर्वचा फोन आला. अपूर्व तिचा साहेब, वयाने तिच्याहून लहान.

"हेमांगी, दिवाळीसाठी तू सोप्या म्हणून पास केलेल्या लेव्हल बघ जरा. नवीन पोरं सुरुवातीलाच गेम बंद करून पळतायत. कोणाकडून चेक करून घेतलेल्यास?"

"नेहमीच्याच माणसाकडून."

"मग तो माणूस बदल ना यार. नाहीतर मला सोप्या लेव्हल दुसऱ्या कोणाला द्यायला लागतील."

हेमांगी हॉलमध्ये आली. कल्याणच्या समृद्धी नावाच्या मुलीने पाठवलेली लेव्हल सरोजताई खेळत होत्या. फोन स्पीकरवर होता आणि गोडा मसाल्यात दगडफूल किती घालावं यावर सांगलीच्या बहिणीशी हुज्जत चालली होती. पुढे एक फळी पाय पडताच खचणार होती, आणि तसं सांगणारी कुठलीही खूण त्या फळीवर नव्हती. सरोजताईंचा अंगठा आधीच हलला, बेडूक पलीकडे गेला आणि दगडफुलाचं वाक्यसुद्धा तुटलं नाही. आजवर हेमांगी पडद्याकडे बघत आली होती. हाताकडे तिने आज पहिल्यांदा पाहिलं. तो कोरा राहिलाच नव्हता.

आता मात्र धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. सांगावं तर सासूबाई पुन्हा गॅलरीत जाऊन बसणार आणि न सांगावं तर काम जाणार. तिने चहा टाकला, विचारात दोनदा आलं घातलं आणि कप पुढे ठेवून एकदाचं बोलून टाकलं.

"आई, यापुढे या सोप्या लेव्हल तुम्हाला देता येणार नाहीत."

सरोजताईंनी कंट्रोलर पदराने पुसून टीपॉयवर ठेवला. "माझं काही चुकलं का?"

"तुमचं चुकतच नाही, हाच तर घोळ आहे. तुम्ही आता पडत नाही. तुम्हाला खेळता यायला लागलंय."

"बरं येतं?"

"माझ्याइतकं. थोडं जास्तच."

सरोजताईंनी पुसून ठेवलेला कंट्रोलर पुन्हा हातात घेऊन बघितला. मग म्हणाल्या, "मॅट्रिक झाले आणि लग्न लागलं. त्यानंतर मला कोणी पास केलंच नव्हतं गं."

हेमांगी त्यांच्या शेजारी बसली. "मी जे लिहिते ते सगळं तुमच्याकडून शिकलेय, आई. तुमचे उपकार आहेत माझ्यावर. हे मी आधीच म्हणायला हवं होतं."

"आता म्हणालीस ना," सरोजताईंनी डोळे टिपले. "चहात आलं फार झालंय."

कप अर्धा टाकून त्या तळमजल्यावर गेल्या आणि वॉचमनच्या बायकोला, नंदाला, घेऊन आल्या. नंदा लिफ्टचं बटण दाबायलाही शेजारणीला सांगायची. पडत, धडपडत ती त्या फळीपर्यंत पोचली आणि फळीसकट खाली गेली. सरोजताईंच्या ओठांवर शब्द आला होता, तो त्यांनी पदर तोंडाशी धरून आत ढकलला. नंदाने हात टेकले तेव्हाच त्यांनी तिला विचारलं, "तू पडलीस, की तुला पाडलं?"

"पाडलं वो काकू. ती फळी मोडकी हाय ते कसं कळायचं?"

"लिहून घे, हेमांगी. फळीवर तडा दाखवायला सांग त्या मुलीला. पण गोड शब्दांत, बाकी लेव्हल तिने छान रचली आहे."

हेमांगीने तसं लिहिलं. खाली परीक्षकाच्या जागी सरोजताईंचं नाव घातलं आणि त्याखाली आपलं. मग अपूर्वला कळवलं, "माणूस बदलला. जुन्याला बढती दिली आहे, अवघड लेव्हल पाठवत जा."