खजिनदारावरचा शहात्तर लिव्रचा आळ

मी एक जुना मायक्रोफिल्म रीडर आहे. मित्रांनो, अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या विद्यापीठात, ग्रंथालयाच्या तळघरात माझे टेबल आहे. जुन्या कागदांचे नखाएवढे फोटो असलेली फिल्म माझ्या दोन काचांमध्ये सरकवली, की मी ती पडद्यावर मोठी करून दाखवतो. दिवसभर माझा पंखा घरघरतो. स्वस्थ बसणे माझ्या नशिबी नाही.

नवा होतो तेव्हा विद्यार्थी माझ्यासाठी रांग लावत. १९८६पर्यंत वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर आले, आणि माझी काच पुसायचे कोणाच्या ध्यानात राहीनासे झाले.

त्या मार्चमध्ये सुनेत्रा रोज येऊ लागली. पुण्याहून शिकायला आलेली ही मुलगी फ्रान्सच्या राजाचे साडेतीनशे वर्षांपूर्वीचे हिशेब वाचत होती. तेव्हाची रीत कडक होती. गोळा झालेला सगळा कर आधी खजिनदाराच्याच अंगावर मांडायचा. मग पावती दाखवून एकेक खर्च वजा करायचा. उरलेली रक्कम त्याने द्यायची, आणि तो वारला तर त्याच्या मुलांनी.

सुनेत्राच्या बेरजेत एका खजिनदाराकडे शहात्तर लिव्र कमी पडत होते. लिव्र हे तिथले चलन. तरीही तपासनिसांनी त्याला निर्दोष सोडले होते. तिने सरळ लिहून टाकले, ‘खजिनदार चोर, तपासनीस सामील.’ शुक्रवारी तो निबंध प्राध्यापकांकडे जायचा होता.

मी आतल्या आत तळमळत होतो. त्याच खजिनदाराने एका पुलाच्या गवंड्यांना दिलेल्या मजुरीचा आकडा माझ्या काचेवरच्या डागाखाली अर्धा झाकला होता. डोनट खाऊन आलेल्या कोणाचे तरी ते बोट! मला दाखवता येते, सांगता येत नाही.

गुरुवारी यंत्रे दुरुस्त करणारे प्रल्हादकाका माझा दिवा बदलायला आले.

“काका, लवकर करा ना! उद्या सबमिट करायचंय.”

“अगं, काच तर पुसू दे. यावर काय पोहे खाता का तुम्ही?” त्यांनी काच पुसली आणि पडद्याकडे पाहिले. “या चार रेघांच्या डोक्यावर दोन फुल्या कसल्या गं?”

सुनेत्रा पडद्याजवळ वाकली. मग हळूच म्हणाली, “फुल्या नाहीत, काका. रोमन वीस आहे ते. हे लोक विसांनी मोजायचे. मी नुसते चार धरले.”

“म्हणजे चार विसा? आमच्याकडे आंबे असेच मोजत.”

“चार विसा... ऐंशी! अय्या, शहात्तर इथेच आहेत!”

“मग तुझा चोर?”

“चोर कसला, यार! पै न् पै दिलीय त्यानं.” तिने पेन उचलून ते वाक्य खोडले. दोनदा खोडले.

मित्रांनो, काच पुसायला अर्धे मिनिटही लागत नाही. तेवढे तरी करत जा. कागदातली माणसे आपली बाजू मांडायला उठून येत नाहीत.