खालच्या फळीवरचा ट्रे

मनालीने भट्टीकडे न्यायला ट्रे उचलला मात्र, टम्म फुगलेले पावाचे गोळे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फुस्स करून बसले. मुलुंडच्या त्या बचत गटाच्या बेकरीत चाळीसेक माणसं दाटीवाटीने उभी होती.

"तिसरा दिवस!" मार्तंड महाराज गरजले. "पिठात प्राण असतो, माउली! हिच्या मागे जे लागलंय, ते प्राण पितंय. उतारा आत्ताच!"

याच महाराजांनी मागच्या महिन्यात सोनूबाईंच्या मिक्सरमधली बाधा काढली होती. मिक्सर अजून बंदच आहे. पण आज कुणी हसत नव्हतं. दार आतून लावलेलं होतं आणि तव्यावर लाल मिरच्या पडल्या होत्या. मनालीचा नवरा जाऊन चारच महिने झाले होते, लोकांना तेवढं कारण पुरलं.

"धरा गं तिला!" गटातलीच चेतना सगळ्यांत मोठ्याने ओरडली.

उत्तराबाई गर्दीतून पुढे आल्या. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनीच या बायकांना पाव शिकवला होता. महाराज आल्यापासून नवी रीत पडली होती. गोळे वळून फुगायला ठेवले की मांडणीसमोर पाऊण तास आरती, आणि खालच्या फळीखाली निखाऱ्यांचं धुपाटणं. ते महाराज स्वतः सरकवत. खालची फळी गटातल्या सर्वांत नव्या बाईची, म्हणजे मनालीची.

"एकदाच बघू," बाई म्हणाल्या. "नवे गोळे वळलेत. चेतनाचा ट्रे खाली, मनालीचा वर. भूत असेल तर वरही चढेल ना?"

"देवाची परीक्षा घेता?"

"देवाची नाही हो, फळीची."

"होऊन जाऊ दे यार!" मागून कुणीतरी म्हणालं.

महाराज धुपाटणं हलवायला वाकले, तर बाई आड आल्या. "असू दे, रोजच्याच जागी."

ट्रे बदलून ठेवले, पाऊण तासाने आरती संपली. मनालीने ट्रे उचलला. गोळे तसेच टुमटुमीत. मग चेतनाने आपला उचलला आणि त्यातले गोळे फुस्स करून बसले.

"बघा! भूत हिच्यात गेलं!" महाराज ओरडले.

सगळ्या माना चेतनाकडे वळल्या. तिने तव्याकडे पाहिलं. "बाई, मी काय केलं हो?" ती रडकुंडीला आली.

"काहीच नाही. मनालीनेही नव्हतं केलं." बाईंनी दोन्ही ट्रेमध्ये बोट दाबलं. मनालीच्या गोळ्यावरचा खळगा हळूहळू भरत आला, चेतनाच्या गोळ्यावरचा तसाच राहिला. "निखाऱ्यांच्या उबेने खालचं पीठ जास्त फुगतं. आतली हवा धरून ठेवणारी जाळी कमकुवत होते, मग उचलताना बसलेला हिसका पुरतो. भूत दिसलं नाही तर या महाराजांना कोण विचारणार? आणि बाईला मिरचीची धुरी देणं गुन्हा आहे. पोलिसांना बोलावू?"

महाराज दाराकडे सरकले. चेतनाने धुपाटण्यावर घागरभर पाणी ओतलं आणि मनालीसमोर मान खाली घालून उभी राहिली.

"पुढच्या वेळी बाईकडे बोट दाखवायच्या आधी," उत्तराबाई म्हणाल्या, "तेच बोट पिठात दाबून बघा."

मनालीने पदराने डोळे पुसले आणि ट्रे भट्टीत सरकवला.