खानाचा पाचवा मुलगा

द्रौपदीबाईंनी डोक्यावरची लोकरी टोपी काढून मांडीवर आपटली.

"नाही म्हणणार मी हे. कुठली आई म्हणेल असलं?"

अंधेरीच्या स्टुडिओत थर्माकोलचा किल्ला उभा होता आणि त्यात दीडशे माणसं लोकरी झगे घालून घामाने निथळत होती. अशा गर्दीत उभं राहण्यात द्रौपदीबाईंची तीस वर्षं गेली होती. तोंडी वाक्य आज पहिल्यांदा आलं होतं, तेही मालिकेच्या नायकाच्या आईचं. दिग्दर्शकाची मदतनीस प्रांजल कागद धरून तिसऱ्यांदा वाचून दाखवत होती.

"'माझा बार्चुक आता चंगीझखानाचा पाचवा मुलगा! आमचं भाग्य उजळलं!' एवढंच तर आहे, आजी."

"मग मी काय मेले होते? जिवंत आईचा पोरगा दुसऱ्याचा पाचवा कसा होतो?"

प्रांजल हसू दाबत समजावू लागली. बार्चुक म्हणजे उइघुर तुर्कांचा प्रमुख. चंगीझखान तेव्हा नुकता वर येत होता. बार्चुकने जुन्या धन्याचा कारभारी मारला आणि आपणहून खानाच्या बाजूला गेला. खान एवढा खूश झाला, की चार मुलं असताना याला पाचवा म्हणाला, वर स्वतःची मुलगी दिली.

"म्हणजे घरजावई."

"तसं नाही ओ. बाकीच्यांची शहरं जळाली, याची वाचली. आपली माणसं वाचवली त्याने."

"गावाचं भलं झालं गं. आईचं काय?"

शेजारी तसाच झगा घालून बसलेल्या त्यांच्या जुन्या मैत्रिणीने, शांताबाईंनी, मान खाली घातली. सहा वर्षांपूर्वी द्रौपदीबाईंचा एकुलता एक राजेश मुलुंडच्या एका बिल्डरचा जावई झाला आणि तिकडेच राहायला गेला. तेव्हापासून जोगेश्वरीच्या खोलीत त्याचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती. त्याचे फोन वाजून वाजून बंद व्हायचे.

शॉट सुरू झाला. नायक आला, गुडघ्यावर बसला. रंगवलेल्या दाढीमागे पोरगा दमलेला दिसत होता. द्रौपदीबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तोंडातून आलं ते भलतंच.

"तिकडे चौघांचं झाल्यावर तुला वाढतात का रे?"

नायकाने गोंधळून दिग्दर्शकाकडे बघितलं. याचं उत्तर कुणी त्याला लिहून दिलं नव्हतं.

"कट!" दिग्दर्शक ओरडला. "बाजूला घ्या यांना! त्या दुसऱ्या आजींना द्या वाक्य."

शांताबाईंनी ते एका दमात म्हणून टाकलं. "झकास!" दिग्दर्शक म्हणाला. टाळ्याही पडल्या.

द्रौपदीबाई झग्यासकट बाहेर पडल्या आणि जनरेटरच्या गाडीमागे जाऊन उभ्या राहिल्या. तीस वर्षांनी हाताशी आलेलं वाक्य गेलं होतं. पण डोक्यात संताप होता तो वेगळाच. त्यांनी फोन काढला. नंबर पाठ होता.

"आई?" राजेशचा आवाज चिरकला. "काय झालं? बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय! तुझं विचारतेय. नीट वागवतात का तुला तिकडे?"

"काहीतरीच काय गं. मुलासारखं मानतात मला."

"सारखं कशाला? मुलगा आहेस तू. माझा."

त्याच्या मागून कुणा वयस्क माणसाचा जाड आवाज आला.

"राजेश, गाडी काढ. आणि आधी मागची सीट पुसून घे."

"हो साहेब, आलोच."

फोन बंद झाला. द्रौपदीबाईंनी तो कानापासून काढला नाही. शांताबाई शोधत शोधत तिथे पोचल्या.

"रागावलीस काय गो माझ्यावर? मला नाही म्हणवेना त्यांना." मग फोनकडे बघून त्या चपापल्या. "राजेश होता?"

"हो."

"काय म्हणतो?"

"त्याला कुठाय बोलत बसायला वेळ," द्रौपदीबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "त्याच्याशिवाय पान हलत नाही त्या घरात."